चाखलेली पेंड

उदगीरच्या मोंढ्यात गुरुबसप्पांच्या दुकानात शिरणारा माणूस आधी भाव विचारत नसे. "मालक, चाखली का?" हा पहिला प्रश्न. गुरुबसप्पांनी मान हलवली की मग पुढचं बोलणं.

दुकान जनावरांच्या खाद्याचं. सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा. नवा माल उतरला की नरसिंग हमाल पोतं आडवं करी, मधोमध लोखंडी नळी खुपसून चिमूटभर माल काढी आणि मालकांच्या तळहातावर ठेवी. मालक तो डाव्या दाढेखाली धरत, डोळे मिटत, सावकाश चावत. मग दुकानापुढच्या नालीत थुंकत, चूळ भरत आणि म्हणत, "हूं." त्या 'हूं'साठी नरसिंग गेरूची वाटी घेऊन उभा असे. 'हूं' आलं की पोत्यावर बोटानं एक ठिपका. नाही आलं तर गाडी आल्या पावली परत.

ही रीत गुरुबसप्पांना वडिलांनी लावून दिली. "जनावराला सांगता येत न्हाई गा," ते म्हणत, "त्याच्या बदल्यात आपण तोंड घालायचं." पेंडीत वाळू असली तर ती कुणाच्याही दाढेला कळेल, त्यात विशेष नाही. पण युरिया मिसळला असेल तर जीभ गार पडते, एरंडीची भेसळ घशाला उशिरा झोंबते, आणि शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी दिसायच्या चार दिवस आधी तिला जुन्या गोधडीची चव येते, हे सगळ्या मोंढ्यात एकट्या गुरुबसप्पांना ठाऊक होतं. ठिपक्याची पोती पार देगलूरच्या बाजारापर्यंत जात. तिथले लोक दुकान ओळखत नसत, ठिपका ओळखत.

आता एवढा मान मिळालेल्या माणसाला गर्व नसावा असं म्हणणं सोपं आहे. गुरुबसप्पांना होता, आणि भरपूर होता. त्याचा खरा जाच सोसला तो त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं. चाळीस वर्षांत एक दिवस आमटी बिनतक्रार खाल्ली गेली नव्हती. मिठाचा एक खडा कमी पडला तरी ताट सरकायचं. "माणसाला जीभ असावी, पण इतकी नसावी," असं ती शेजारणींना सांगे, आणि सांगताना तिलाही थोडा अभिमान वाटतच असे.

धंदा मात्र पायाखालून सरकत होता. बैल गेले, ट्रॅक्टर आले, बैलांबरोबर पेंडीचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. गावोगाव कोंबड्यांचे शेड उभे राहिले, पण त्यांना पिल्लू, दाणा, औषध सगळं कंपनीच पुरवते आणि वाढल्यावर कोंबड्याही तीच उचलून नेते. मोंढ्यातल्या दुकानदारानं ते नुसतं बघायचं. उरले दुभत्याचे लोक आणि ईदसाठी बोकड पोसणारे. पूर्वी शेळ्या बांधावर चरत. आता बोकडाला शेडमध्ये बांधतात, महिन्याच्या महिन्याला काट्यावर चढवतात आणि वजन मोबाइलमध्ये टिपतात. आयुष्यात अंड्यालाही हात न लावलेल्या माणसाचं दुकान इतरांच्या मटणावर चालू लागलं होतं. हे गळ्यातल्या लिंगाशी कसं जुळवायचं, हा विचार गुरुबसप्पांनी कधीच सोडून दिला होता.

मुलगा संगमेश लातूरला कुत्र्यामांजरांच्या खाद्याची एजन्सी बघतो. रविवारी घरी आला की त्याचं एकच तुणतुणं. "अप्पा, पेंडीत आता काय न्हाई. लातूरला लोक कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापून राहिले. आख्खं दुकान त्याचंच करू." शेवटी तडजोड झाली. दुकानाच्या एका अंगाला काचेचा काउंटर लागला आणि सून मंजुश्री तो सांभाळू लागली. पोरगी शास्त्र शाखेची पदवीधर, तोंडानं गोड आणि हिशेबी डोक्याची. गुरम्मानं मात्र अट घातली: चिकनची पुडकी पेंडीच्या तराजूत चढणार नाहीत. म्हणून दुसरा तराजू आला. दोन तराजूंचं असं उदगीरमधलं हे एकच दुकान असावं.

बाकीच्या दुकानाबद्दल गुरुबसप्पा मुलाला एवढंच म्हणाले होते, "माझी जीभ हाय तवर पेंड हाय. जीभ गेली की कर तुला काय करायचं ते."

बोलताना त्यांना वाटलं होतं, आपण कायमचा दरवाजा लावून टाकला.

माघात त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला. उठून बसले, गुरम्मानं पिठलं-भाकरी दिली, आणि पहिल्या घासाला त्यांच्या लक्षात आलं की तोंडात काहीतरी मऊ आहे आणि गरम आहे, एवढंच कळतंय. तापाचं तोंड आहे, येईल चव, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसरा आठवडा गेला, महिना गेला. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली, काही नाही. उदबत्ती नुसती धूर वाटू लागली. कुणी नसताना ते मीठ जिभेवर ठेवून बसत आणि वाट बघत.

गुरम्मा खुशीत होती. नवरा पानात पडेल ते मुकाट्यानं खात होता. म्हातारपणी माणूस निवळला म्हणून तिनं सोमवारी महादेवाला नारळ फोडला. गुरुबसप्पा तो प्रसाद खाऊन "गोड हाय" म्हणाले. गोडच असणार, दुसरं काय असणार?

दुकानात त्यांनी काहीच बदललं नाही. चिमूट, डावी दाढ, मिटलेले डोळे, चूळ, "हूं". रंग बघून, बोटांत चुरून, गाडी कुणाकडून आली ते आठवून ठिपका ठरवू लागले. वाईट माल आला तर दिसेलच, असं त्यांनी मनाला पटवलं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला काही धरबंध नाही.

चैत्रात नवा माल बाजारात धो धो आला. मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतून उरलेला चोथा. लांबलचक इंग्रजी नाव, मोंढा त्याला 'डीडी' म्हणे. सोयापेंडीपेक्षा पुष्कळ स्वस्त, रंग सोन्यासारखा, आणि सगळे त्याच्यावर तुटून पडलेले. गुरुबसप्पांनी हा माल कधी चाखलेलाच नव्हता. चांगला डीडी कसा लागतो हे त्यांना जीभ शाबूत असताना कळायला हवं होतं, आणि ती वेळ निघून गेली होती. गाडी आली त्याच्या आदल्या दिवशी अवकाळी पडून गेला होता. त्यांनी ताडपत्री चाचपली, कोरडी लागली. चिमूट तोंडात धरली. लाकडाचा भुसा चावावा तसं लागलं, म्हणजे हल्ली सगळंच लागतं तसं. नरसिंग वाटी घेऊन उभा होता.

"हूं," गुरुबसप्पा म्हणाले.

चाळीस पोत्यांवर चाळीस ठिपके पडले. पंधरा दिवसांत तेवीस पोती अकरा घरी गेली.

त्यानंतरची एक दुपार. मंजुश्रीनं कुत्र्याच्या खाद्याचं मोठं पोतं फोडून घमेल्यात ओतलं होतं, लहान पिशव्या भरायच्या होत्या. मध्येच फोन आला म्हणून ती आत गेली. गुरुबसप्पा जेवून आले. घमेल्यात खाद्याच्या तपकिरी गोळ्या, म्हणजे कांडी, दिसली. वासरांच्या कांडीचा नमुना आज यायचा होता, तोच आला असणार. नरसिंग समोर बसलेला, म्हणजे चाखणं आलंच. त्यांनी चार गोळ्या दाढेखाली धरल्या, डोळे मिटले.

"हूं. मका चांगला हाय. उसाची मळी जरा कमी पडलीय."

मंजुश्री बाहेर आली ती ओरडतच. "मामा, थुंका ते! कुत्र्याचं हाय ते. चिकन हाय त्याच्यात!"

नरसिंगला हसू फुटलं आणि मालकांचं तोंड बघून ते तिथंच विरलं. गुरुबसप्पांनी तांब्यावर तांबे रिकामे केले. घरी जाऊन आंघोळ केली, विभूती लावली. गुरम्मा "अय्यो शिवा, अय्यो शिवा" करत बसली. पण गुरुबसप्पांना धर्म बुडाल्याची धास्ती नव्हती. शिव समजून घेईल. त्यांना धास्ती होती सुनेच्या डोळ्यांची. ओरडून झाल्यावर ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

संध्याकाळी दुकानात दोघंच असताना ती हळूच म्हणाली, "मामा, त्याचा वास रस्त्यावर येतो. तुम्हाला आला न्हाई?"

गुरुबसप्पांनी सांगून टाकलं. तीन महिने कुणाशी बोलले नव्हते ते सगळं. शेवटी म्हणाले, "संगमेशला कळू देऊ नको, अक्का. तो उद्याच पेंड बंद करील." सुनेला ते कधी अक्का म्हणत नसत.

"न्हाई सांगत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मामा, मंग तो डीडीचा माल?"

पंधरा दिवस झाले, काही व्हायचं असतं तर झालं असतं, असं गुरुबसप्पा मनात म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामात जाऊन एका पोत्यात नाक खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला. काही नाही. सहज विचारल्यासारखं करून नरसिंगला विचारलं, "कसा वास हाय रे?"

"मालक, तंबाखूपुढं मला काय कळतंय?"

मंजुश्रीनं मागच्या थप्पीतलं एक पोतं हुंगलं. "ह्याला ओल्या गोणपाटाचा वास येऊन राहिलाय."

"गोणपाट हाय, गोणपाटाचाच येणार," गुरुबसप्पा म्हणाले, आणि आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटला. त्या दिवसापासून फोन वाजला की ते मंजुश्रीच्या आधी उचलत. कुत्र्याच्या बिस्किटांसाठी कुणाचा फोन असला की जीव भांड्यात पडे.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला तो केवळाबाईचा. केवळाबाई नागझरीची, साठीची, एकटी राहणारी आणि तोंडानं फटकळ. ईदसाठी अकरा बोकड पोसत होती. वर्षाची सगळी भिस्त त्यांच्यावर.

"मालक, दोन बोकड बसलेत. उठनात. डॉक्टरला बोलावलंय, तुम्ही पण या की."

मंजुश्रीनं स्कूटी काढली. सुनेच्या मागं स्कूटीवर बसायचा गुरुबसप्पांचा हा पहिलाच प्रसंग, मोंढ्यातली माणसं वळून बघत होती. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटेभर ते एकच गोष्ट पुटपुटत होते, दुसरं काही कारण असू दे, दुसरं काहीही असू दे.

शेडमध्ये दोन बोकड भिंतीला डोकं लावून पडले होते. बाकीचे उभे, पण कान पडलेले. गव्हाणीत डीडी तसाच. कोपऱ्यात पोतं, त्याच्यावर ठिपका.

"पहिल्या दिशीच ह्यांनी नखरे केले," केवळाबाई सांगू लागली. "वास घेतला अन् समद्यांनी तोंडं फिरवली. मी म्हणलं, मेल्यांनो, गुरुबसप्पा मालकांनी चाखलेलं हाय, तुम्ही काय त्यांच्याहून शाणे झालात? गूळ कालवला, तवा नऊ जणांनी खाल्लं. ही दोघं तरी खाईनात. मंग मांडीखाली दाबून, जबडा धरून भरवलं रोज."

ती त्या दोघांकडेच बोट दाखवत होती.

जनावराला सांगता येत नाही, असं वडील म्हणायचे. या अकरा जणांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही, कारण पोत्यावर ठिपका होता.

केवळाबाईनं मूठभर माल आणून त्यांच्यापुढं धरला. "तुम्ही परत एकदा चाखून बघा, मालक. माल चांगला हाय म्हणलात तर मी दुसरं कारण शोधते. लोकं काय काय म्हणून राहिलेत, मी म्हणलं, मालकांचा माल तसा नसतो."

सुटायची वाट तिनंच उघडून दिली होती. नुसतं "हूं" म्हणायचं होतं. मंजुश्री दारात उभी होती, ती काही बोलणार नव्हती.

गुरुबसप्पांनी चिमूट उचलली, तोंडाजवळ नेली आणि परत तिच्या हातात ठेवली.

"मला चव कळत न्हाई, केवळाबाई. तीन महिने झाले. ताप आल्यापून."

केवळाबाईनं पोत्याकडे बघितलं. "मंग हा ठिपका कोनं लावला?"

"मीच लावला."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पदर खोचला आणि गव्हाण रिकामी करू लागली. तिच्या हाताला लागलेला माल तिनं दोनदा धुतला.

डॉक्टर आले. बुरशीचं विष, काळजावर गेलंय, खाद्य ताबडतोब बंद करा म्हणाले. औषध टोचलं. मंजुश्रीनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या विषाला स्वतःची चव नसते, नमुना तपासल्याशिवाय कळत नाही. परतताना मंजुश्री म्हणाली, "मामा, जीभ चांगली असती तरी कदाचित..."

"बकऱ्यांना कळलं की," गुरुबसप्पा म्हणाले.

दुकानात पोचल्यावर त्यांनी उरलेल्या दहा घरी स्वतः फोन लावले. मंजुश्री लावते म्हणाली, नको म्हणाले. प्रत्येक ठिकाणी तेच बोलायचं होतं. डीडी चारू नका, आहे ते परत आणा, मला चव कळत नाही. आणि प्रत्येक ठिकाणी समोरून तोच प्रश्न येई: "पर तुम्ही चाखली होती ना, मालक?" दहा वेळा त्यांनी सांगितलं, "हाव, चाखली होती." दोन म्हशींनी दूध कमी केलं होतं, एका शेळीनं चारा सोडला होता. बाकीच्यांनी पोतं अजून फोडलं नव्हतं. शेवटचा फोन ठेवला तेव्हा त्यांचा सदरा घामानं भिजला होता. अकरावा फोन संगमेशला केला. संगमेश म्हणाला, "तब्येतीला जपा, अप्पा." दुकानाचं काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी केवळाबाईचा एक बोकड गेला. दुसरा तिसऱ्या दिवशी उठून उभा राहिला.

घरी गुरम्माला कळलं तेव्हा ती रडली. नवरा निवळला म्हणून फोडलेल्या नारळाची तिला आठवण झाली असावी. त्या दिवशी तिनं आमटीत मीठ कमी-जास्त बघण्यासाठी स्वतः आधी घास घेतला, मग वाढलं.

मंजुश्रीनं उरलेल्या मालाचा नमुना लातूरला तपासायला पाठवला. अहवाल वाईट आला. सगळा माल मोंढ्याबाहेर खड्ड्यात पुरला. मग सरकीची नवी गाडी आली, तिचा नमुना आधी लातूरला गेला, आणि माल चांगला असल्याचा कागद आल्यावरच पोती उतरली. मंजुश्रीनं तो कागद काउंटरच्या काचेला चिकटवला. गिऱ्हाईक येई, कागदाकडे बघे, गुरुबसप्पांकडे बघे आणि "नंतर येतो" म्हणून जाई. गुरुबसप्पा गादीवर बसून राहत. रविवारी संगमेश यायचा होता, त्यानं काउंटर मोठा करायला सुतार सांगितल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

शनिवारी दुकानापुढं एक रिक्षा थांबली. आतून केवळाबाई उतरली, आणि तिच्या मागून दोरीला बांधलेला एक बोकड. तोच, उठून उभा राहिलेला. बरगड्या अजून दिसत होत्या. नरसिंग बघतच राहिला.

"पेंड पाहिजे," ती म्हणाली.

"कागद हाय," मंजुश्री काचेकडे बोट करत म्हणाली.

"मला वाचता येत न्हाई." मग ती गुरुबसप्पांकडे वळली. "चाखली का?"

"न्हाई," गुरुबसप्पा म्हणाले.

"मला मालूम हाय. म्हणून तर ह्याला आणलाय."

नरसिंगनं सवयीनं पोतं आडवं केलं, नळी खुपसली. मूठभर पेंड गुरुबसप्पांच्या तळहातावर आली. ते गादीवरून उतरले, पायरीवर बसले आणि हात बोकडापुढं धरला. शेजारच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. बोकडानं नाक पुढं केलं, हुंगलं आणि मागं घेतलं. गुरुबसप्पांची डावी दाढ आपोआप आवळली गेली. बोकडानं पुन्हा हुंगलं, बराच वेळ, आणि मग ओलं तोंड त्यांच्या तळहातात घातलं.

"घेतलं!" नरसिंग म्हणाला. त्यानं कोनाड्यातली गेरूची वाटी काढली, बोट बुडवलं आणि पोत्याकडे वळला.

गुरुबसप्पांनी दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. आयुष्यभर आपण चावलं आणि थुंकून टाकलं, गिळलं ते जनावरांनी, हे त्यांना आजच दिसलं होतं.

"थांब," ते म्हणाले. "आधी त्याला गिळू दे."